उसातील वेलींचा उपद्रव : आयपोमियाची ओळख व बंदोबस्त

सांगलीहून मिरजेकडे जाणाऱ्या रस्त्यावर विश्रामबाग लागते. १९१९ साली स्थापन झालेले विलिंग्डन महाविद्यालय आणि १९४७ साली सुरू झालेले वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय ह्यांमुळे हा परिसर विद्येचे स्थान म्हणून सर्वपरिचित आहे. एके काळी गावाबाहेर असलेला हा भाग आता घरांनी भरून गेला आहे. तरीही पावसाळा सरत आला, की अशा वस्तीतील कुंपणांवर, तारांवर आणि मोकळ्या भूखंडांवर निळ्या, जांभळ्या व तांबड्या फुलांच्या वेली पसरलेल्या दिसतात. फुलांचा आकार कर्ण्यासारखा असतो. ती भल्या सकाळी उमलतात व ऊन चढताच मिटू लागतात. येणाऱ्याजाणाऱ्याला त्यांची शोभा पाहून समाधान वाटते, आणि त्यात वावगे असे काही नाही.

परंतु हीच वेल विश्रामबागेपासून थोड्याच अंतरावर असलेल्या कृष्णाकाठच्या उसात शिरली, म्हणजे तिचे रूप पालटते. ती एका उसाला विळखा घालून दुसऱ्यावर जाते, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जाते, आणि शेवटी चार-पाच सऱ्यांतील ऊस एकत्र बांधून टाकते. उसाचे शेंडे झाकले जातात, वाऱ्यापावसात ऊस लोळतो, आणि तोडणीच्या वेळी कोयता चालविणे कठीण होते. ह्या वेली फुलांवर आल्यावर पुष्कळांच्या ध्यानात येतात. परंतु त्या वेळी उपायाचा उत्तम काळ निघून गेलेला असतो. वेल चढण्यापूर्वी, म्हणजे ती दोन-चार पानांवर असतानाच ओळखून काढणे, हाच ह्या उपद्रवावरील खरा व स्वस्त उपाय होय. तो कसा करावा, ह्याचे विवेचन पुढे केले आहे.

कुल आणि प्रजाती

ह्या वेली वनस्पतिशास्त्रात हरिणपदी कुलात मोडतात. आपल्या शेतात सर्वत्र आढळणारी हरणखुरी, म्हणजेच चांदवेल, हिच्यावरून ह्या कुलास हे नाव मिळाले आहे. ह्या कुलातील सर्वांत मोठी प्रजाती म्हणजे आयपोमिया. तिच्यात सहाशेहून अधिक जाती असून त्यांपैकी बहुतेक उष्ण कटिबंधात वाढतात. लिनीअस ह्या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७५३ साली हे नाव रूढ केले. ग्रीक भाषेतील ‘अळीसारखा’ अशा अर्थाच्या शब्दांवरून ते आले असून, वळवळत वर चढणाऱ्या खोडास ते शोभून दिसते.

ह्या प्रजातीच्या वेली ओळखण्याच्या काही सोप्या खुणा आहेत. कारले, दोडका ह्यांच्या वेलींना आधार पकडण्यासाठी ताणे असतात, तसे ताणे ह्या वेलींना नसतात; वेलीचे खोडच आधाराभोवती गुंडाळत जाते. पुष्कळ जातींचे खोड मोडले असता त्यातून दुधासारखा चीक येतो. फूल अखंड, कर्ण्याच्या किंवा नळीच्या आकाराचे असते. फळ म्हणजे लहानसे बोंड असून त्यात बहुधा चार ते सहा टणक बिया असतात. पाने मात्र फार वेगवेगळ्या आकारांची असतात. काही जातींत ती हृदयाच्या आकाराची, काहींत तीन खंडांची, तर गणेशवेलीत पिसासारखी बारीक चिरलेली असतात. म्हणून केवळ पानावरून वेल ओळखू जाता फसगत होण्याचा संभव आहे.

एकाच घरातील मित्र आणि शत्रू

आयपोमिया म्हटले की सर्वच वेली त्याज्य, असा समज होऊ नये. उपवासाच्या दिवशी घरोघरी शिजणारे रताळे हे ह्याच प्रजातीचे आहे. ते मूळचे उष्ण अमेरिकेतील. पोर्तुगीजांच्या बरोबर ते भारतात आले आणि आता इतके आपलेसे झाले आहे, की एकादशीच्या फराळात त्याला मानाचे स्थान मिळाले. बेळगाव-चंदगड भागात त्याची लागवड मोठ्या प्रमाणावर होते. तळ्यांत व ओढ्यांत वाढणारी, पोकळ देठांची नाळीची भाजी हीही ह्याच प्रजातीतील आहे. कोकणच्या किनाऱ्यावर वाळू धरून ठेवणारी मर्यादवेल, अंगणात हौसेने लावलेली गणेशवेल, आणि काष्ठौषधींच्या दुकानांत मिळणारा, रेचक म्हणून प्रसिद्ध असलेला काळा दाणा ज्या निळ्या फुलांच्या वेलीस येतो ती वेल, ह्या सर्व एकाच घरातील होत.

ह्याच घरात बेशरम हे झुडूपही आहे. ते वेलीसारखे चढत नाही. कालव्याच्या कडेला व तळ्याकाठी दाट जाळी करून वाढते. त्याची पाने शेळ्यामेंढ्यांना विषारी असतात, ह्याविषयी पुढे सांगितले आहे.

उसात उपद्रव देणाऱ्या जाती मुख्यतः वर्षायू, म्हणजे एका हंगामात उगवून, फुलून, बी टाकून मरणाऱ्या आहेत. निळ्या-जांभळ्या मोठ्या फुलांच्या, तांबड्या लांबट नळीच्या फुलांच्या, आणि लहान गुलाबी फुलांच्या अशा अनेक जाती एकाच शेतात आढळू शकतात. गावोगावी त्यांची नावे निराळी असतात. शेतकऱ्याने नावाच्या घोळात न पडता त्यांची रोपे ओळखावयास शिकावे, हे अधिक हिताचे आहे.

उसालाच हा उपद्रव अधिक का?

ज्वारी, भुईमूग, सोयाबीन ही पिके तीन-चार महिन्यांत निघून जातात. जमीन पुन्हा नांगरली जाते, कुळवली जाते, आणि अर्धवट वाढलेल्या वेली त्यात मरतात. उसाचे तसे नाही. सुरू ऊस बारा महिने, पूर्वहंगामी ऊस चौदा-पंधरा महिने, तर आडसाली ऊस सोळा ते अठरा महिने शेतात उभा असतो. त्यापुढे खोडवा ठेवला, तर जमीन दोन-तीन वर्षे मोकळी होत नाही. वेलीस लागणारा उंच व बळकट आधार, भरपूर पाणी व भरपूर खत ह्या तिन्ही गोष्टी तिला तेथे आयत्याच मिळतात.

ह्यात आणखी एका गोष्टीची भर पडते. उसात माणसाचा वावर मोठ्या बांधणीपर्यंतच असतो. सुरू उसाची लागण १५ डिसेंबर ते १५ फेब्रुवारी ह्या काळात होते, आणि सुमारे चार महिन्यांनी मोठी बांधणी होते. त्यानंतर ऊस दाटतो, पाने कापतात, आणि आत शिरण्यास कोणी राजी नसते. नेमक्या त्याच सुमारास मृगाचा पाऊस पडतो व जमिनीत दडलेले वेलींचे बी उगवू लागते. १५ जुलै ते १५ ऑगस्ट ह्या काळात लावलेल्या आडसाली उसात तर वेलींची पहिली पिढी कोंबांच्या बरोबरीने वर येते, आणि दुसरी पिढी पुढील वर्षीच्या पावसात येते. भाद्रपद-आश्विनात फुले दिसू लागतात; त्यानंतर थोड्याच आठवड्यांत बोंडे पिकून बी जमिनीवर पडते.

नुकसान तीन प्रकारांनी होते. आरंभीच्या तीन-चार महिन्यांत इतर तणांप्रमाणेच वेलीही उसाचे अन्न व पाणी खातात व फुटव्यांची संख्या घटवितात. पुढे त्या शेंड्यावर पसरल्या, की पानांस सूर्यप्रकाश कमी मिळतो. शेवटी तोडणीच्या वेळी त्यांच्या जाळ्यामुळे मजुरांचा वेळ मोडतो, यंत्राने तोडणी असल्यास यंत्रात वेली गुंततात, आणि उसाबरोबर नको असलेला पाला कारखान्यावर जातो. तोडणी मजुरांची मजुरी वजनावर ठरते. वेलींनी बांधलेला फड त्यांच्या दृष्टीने तोट्याचा ठरतो, आणि असा फड मागे ठेवण्याकडे त्यांचा कल झाला तर त्यांना बोल लावता येत नाही.

बी टिकाऊ आहे

ह्या वेलींचा बंदोबस्त एका वर्षात पुरा होत नाही, ह्याचे कारण त्यांच्या बीमध्ये आहे. बीचे कवच टणक असून त्यातून पाणी सहजासहजी आत शिरत नाही. त्यामुळे एका वर्षी पडलेले सर्व बी पुढच्या वर्षी उगवत नाही; काही लगेच उगवते, काही दुसऱ्या वर्षी, तर काही अनेक वर्षे जमिनीत जिवंत पडून राहते. बी आकाराने मोठे असल्यामुळे त्यात अन्नसाठा भरपूर असतो, आणि काही सेंटिमीटर खोलीवरूनही अंकुर वर येऊ शकतो. ह्याच कारणास्तव जमिनीच्या पृष्ठभागावर फवारलेली उगवणपूर्व तणनाशके ह्या वेलींवर पुष्कळदा अपुरी पडतात.

एका वेलीस शेकडो बिया येऊ शकतात. म्हणजे ह्या वर्षी बांधावर दुर्लक्षिलेली एक वेल पुढील कित्येक वर्षांच्या भांगलणीचे काम वाढवून ठेवते. एका वर्षी बी पडू दिले नाही, तर त्याचा लाभही तसाच अनेक वर्षे मिळतो, हे लक्षात ठेवावे.

बी शेतात येण्याच्या वाटाही पाहिल्या पाहिजेत. न कुजलेले शेणखत ही पहिली वाट होय. वेली जनावरांच्या वैरणीत गेल्या, तर टणक कवचाचे बी पोटातून न पचता शेणात उतरू शकते. बांध, पाट व पाणंदीच्या कडा ही दुसरी वाट. तेथील वेलींचे बी पाण्याबरोबर सऱ्यांत जाते. महापूर ही तिसरी वाट होय. २००५, २०१९ व २०२१ ह्या वर्षी कृष्णा-वारणाकाठच्या शेतांत पुराचे पाणी शिरले. असे पाणी ओसरताना गाळाबरोबर व काडीकचऱ्याबरोबर परक्या तणांचे बी मागे राहते. पूर आलेल्या शेतात पुढील दोन हंगाम विशेष लक्ष ठेवणे अगत्याचे आहे.

रोप कसे ओळखावे?

आयपोमियाच्या रोपाची खूण एकदा मनात ठसली, की ती विसरत नाही. रोप उगवताना प्रथम जी दोन पाने वर येतात, म्हणजे ज्यांस बीजदले म्हणतात, ती टोकाशी मध्यभागी दुभंगलेली असतात. दसऱ्याला वाटले जाणारे आपट्याचे पान डोळ्यांसमोर आणावे. तशीच ही दोन पाने दोन पाळ्यांची दिसतात. काही जातींत पाळ्या रुंद असतात, तर गणेशवेलीसारख्या जातींत त्या अरुंद व लांब असून इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारख्या दिसतात. त्यानंतर खरी पाने येतात, आणि चार-पाच पाने झाली की खोडाचा शेंडा लांबून आधार शोधू लागतो.

बीजदले दिसल्यापासून शेंडा लांबू लागेपर्यंतचा हा काळ थोडा असतो. तोच भांगलणीचा काळ होय. भांगलणीचे काम आपल्याकडे बहुतांशी स्त्रिया करतात. त्यांची नजर तयार असते, हात चपळ असतो. भांगलणीच्या पहिल्या दिवशी शेतमालकाने चार रोपे उपटून त्यांना ही दुभंगलेली पाने दाखवावी, आणि हे रोप एकही मागे राहू नये असे आवर्जून सांगावे. ह्या पाच मिनिटांच्या खटाटोपाने पुढचा मोठा खर्च वाचतो.

बंदोबस्ताची रीत

पहिली गोष्ट लागणीपूर्वीची. जमीन तयार झाल्यावर शक्य असल्यास एक पाणी द्यावे, किंवा पाऊस होऊन वाफसा येऊ द्यावा. त्यायोगे वरच्या थरातील तणाचे बी उगवते. ते कुळवाच्या पाळीने मोडावे व मगच सऱ्या सोडाव्या. शेणखत पुरते कुजलेले असेल तरच वापरावे. उकिरड्याच्या कडेने वेली वाढत असतील, तर त्या फुलण्याआधी काढाव्या.

दुसरी गोष्ट लागणीपासून मोठ्या बांधणीपर्यंतची. ह्या काळातील भांगलण व कोळपणी वेळेवर व्हावी. रोप काढताना एक काळजी घ्यावी. खुरपे बीजदलांच्या वर लागले, तर बीजदलांच्या बगलेतील डोळ्यांतून रोप पुन्हा फुटते. खुरपे बीजदलांच्या खाली, मातीत किंचित आत लागले, तर वर्षायू जातीचे रोप पुन्हा फुटत नाही. काम तितकेच आहे. खुरप्याची जागा तेवढी बदलावयाची आहे.

तिसरी गोष्ट मोठ्या बांधणीनंतरची, आणि हीच बहुधा राहून जाते. मोठ्या बांधणीनंतर चांगला पाऊस होऊन पंधरा-वीस दिवस झाले, की शेताची एक फेरी करावी. प्रत्येक सरीत शिरणे शक्य नसेल, तर निदान कडेच्या सऱ्या, पाटाची बाजू, आणि जेथे ऊस विरळ किंवा तुटाळ आहे अशा जागा पाहाव्या. वेलीला उजेड लागतो. म्हणून ती अशाच जागी प्रथम बळावते. तुटाळ जागी वेळीच सांधणी करून उसाची दाटी सारखी राखणे हाही वेलीवरील एक उपायच होय.

वेल उसावर चढलेली आढळली, तर ती शेंड्याकडून ओढू नये. तशी ओढल्याने उसाचे शेंडे मोडतात व ऊस कलतो. वेलीचे बूड शोधून ते विळ्याने जमिनीलगत कापावे आणि वरचा भाग आहे तेथेच वाळू द्यावा. फुले दिसण्यापूर्वी कापल्यास बी धरण्याचा प्रश्न राहत नाही. बोंडे धरली असतील, तर मात्र ती भरलेली टोके शक्य तितकी गोळा करून शेताबाहेर न्यावी व नष्ट करावी. अशा वेली उकिरड्यावर टाकू नयेत, जनावरांपुढेही घालू नयेत. काही जातींची खोडे ओल्या जमिनीवर पडली असता पेरांतून मुळे फुटतात. म्हणून उपटलेल्या वेली सरीत न टाकता उन्हात वाळवाव्या.

चौथी गोष्ट बांधांची. शेतात कितीही कष्ट केले, आणि बांधावर वेली फुलू दिल्या, तर ते कष्ट वाया जातात. बांध, पाट, विहिरीचा काठ व विजेच्या खांबांचे ताण ह्या जागा श्रावणात एकदा व आश्विनात एकदा साफ कराव्या.

पाचट ठेवावे, पण डोळे उघडे ठेवावे

तोडणीनंतर पाचट न जाळता शेतातच ठेवावे, असा सल्ला शेती खाते व संशोधन केंद्रे देत असतात, आणि तो योग्यच आहे. पाचटाने जमिनीतील ओल टिकते, सेंद्रिय द्रव्य वाढते, आणि लहान बियांची पुष्कळशी तणे पाचटाखाली दबून जातात. परंतु आयपोमियाचे बी मोठे असल्यामुळे त्याचा अंकुर पाचटाच्या थरातूनही वर येऊ शकतो.

ह्याचा मोठा अनुभव ब्राझील देशास आला आहे. तेथील साओ पावलो राज्यात ऊस जाळून तोडण्याची पद्धत टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा कायदा २००२ साली झाला. जाळणे थांबले तसा शेतात पाचटाचा थर राहू लागला. बारीक बियांची कित्येक गवते त्यामुळे मागे पडली. परंतु आयपोमिया व तिच्या नात्यातील मेरेमिया ह्या वेली उसातील मुख्य तणे होऊन बसल्या.

ह्यावरून पाचट पुन्हा जाळावे, असा निष्कर्ष कोणी काढू नये. पाचट जाळल्याने होणारी जमिनीची हानी वेलींच्या उपद्रवाहून किती तरी मोठी आहे. इतकेच समजावे, की पाचट ठेवलेल्या खोडव्यात भांगलणीचे काम कमी होते, पण अगदी संपत नाही. खोडव्यात पाचटातून वर आलेली दुभंगलेली पाने शोधत महिन्यातून एक फेरी करावी. इतर तणे कमी असल्यामुळे ही रोपे चटकन नजरेस पडतात, आणि पाचटाखालची जमीन ओली व भुसभुशीत असल्यामुळे मुळासकट सहज उपटून येतात. पाचटाचा हाही एक फायदाच म्हटला पाहिजे.

हरणखुरी हे निराळे प्रकरण आहे

आयपोमियाच्या वेलींशी हरणखुरीची गल्लत करू नये. दोघी एकाच कुलातील असल्या, तरी त्यांचा स्वभाव भिन्न आहे. हरणखुरी बहुवर्षायू आहे. तिची पाने लहान, बाणाच्या टोकासारखी किंवा हरणाच्या खुरासारखी, आणि फुले पांढरी वा फिकट गुलाबी असतात. तिचे बळ जमिनीखाली, खोल गेलेल्या मुळांत असते. वरून खुरपली तरी मुळांवरील डोळ्यांतून ती पुन्हा फुटते. नांगराने वा कुळवाने मुळांचे तुकडे झाले, तर प्रत्येक तुकड्यातून नवी वेल होऊ शकते, आणि औताबरोबर हे तुकडे एका कोपऱ्यातून सबंध शेतात पसरतात.

म्हणून आयपोमियासाठी बी पडू न देणे हा उपाय, तर हरणखुरीसाठी मुळांतील अन्नसाठा संपविणे हा उपाय होय. वर आलेला फुटवा हिरवा होऊन अन्न तयार करू लागण्यापूर्वी पुनःपुन्हा काढीत राहिल्यास मूळ हळूहळू दुबळे होते. ह्याला चिकाटी लागते. शेताच्या एखाद्याच कोपऱ्यात हरणखुरी असेल, तर त्या जागेची मशागत शेवटी करावी व औताला लागलेली मुळे तेथेच झाडून मगच औत दुसरीकडे न्यावे.

तणनाशके वापरताना

मजुरांची टंचाई पाहता तणनाशकांचा आधार घेणे पुष्कळांना भाग पडते. उसात ॲट्राझीन व मेट्रिब्युझिन ही उगवणपूर्व, आणि टू-फोर-डी हे उगवणीनंतर रुंद पानांच्या तणांवर, अशी तणनाशके वापरली जातात. वेलींवर टू-फोर-डीचा परिणाम रोपे लहान असताना चांगला होतो. वेल वाढून चढल्यावर औषध सर्वत्र पोहोचत नाही. मात्रा ठरविताना डब्यावरील सूचना वाचाव्या आणि आपल्या भागातील कृषी अधिकाऱ्यांचा सल्ला घ्यावा. ग्लायफोसेट हे निवडक नसलेले तणनाशक असून ते उभ्या उसावर पडल्यास उसासही मारते, हे विसरू नये.

सांगली जिल्ह्यात ह्या बाबतीत एक गोष्ट विशेष बजावून सांगावयास हवी. तासगाव, मिरज, कवठे महांकाळ ह्या भागांत द्राक्षबागा आहेत, आणि द्राक्षवेल टू-फोर-डीला अतिशय हळवी असते. वाऱ्याबरोबर आलेल्या सूक्ष्म तुषारांनीही द्राक्षाची पाने वेडीवाकडी होतात व वाढ खुंटते. कापूस व टोमॅटो हीही अशीच हळवी पिके आहेत. म्हणून शेजारी द्राक्षबाग किंवा भाजीपाला असेल, तर टू-फोर-डी वापरूच नये. तेथे खुरप्यावरच भिस्त ठेवावी. वापरावयाचेच झाल्यास वारा नसताना, नोझल जमिनीलगत धरून फवारावे. ह्या औषधाचा एस्टर हा प्रकार हवेत अधिक उडतो, म्हणून तो टाळावा. फवारणीचा पंप ह्या कामासाठी वेगळाच ठेवावा. नुसत्या पाण्याने विसळलेला पंप बागेत नेल्यास नुकसान होते. उसात भुईमूग, सोयाबीन किंवा भाजीपाल्याचे आंतरपीक असेल, तर ही तणनाशके त्या पिकांनाही मारक ठरू शकतात. स्वतःच्या उसातील तण मारताना शेजाऱ्याची बाग बिघडली, तर त्या हानीची भरपाई पैशाने होते. पण दुखावलेला शेजार सहजासहजी सांधत नाही.

रताळे लावणाऱ्यांनी व शेळ्या पाळणाऱ्यांनी

ज्यांच्याकडे रताळ्याचे पीक आहे, त्यांना ह्या रानवेलींपासून आणखी एक धोका आहे. रताळ्याला आतून पोखरणारा सोंड्या भुंगा आयपोमियाच्या अनेक रानटी जातींवरही जगतो. रताळे काढल्यावर तो बांधावरच्या वेलींचा आसरा घेतो आणि पुढील पिकात परत येतो. म्हणून रताळ्याच्या शेताभोवतालच्या वेली काढाव्या. लागणीसाठी वेलांचे तुकडे शेंड्याकडील भागाचे घ्यावे, कारण किडीची अंडी बहुधा बुडाकडच्या जुन्या भागात असतात. त्याच जमिनीत लागोपाठ रताळे घेऊ नये, आणि कंद पोसताना जमिनीस पडलेल्या भेगा माती चढवून बुजवाव्या.

शेळ्यामेंढ्या पाळणाऱ्यांनी बेशरमापासून सावध राहावे. हिरवा चारा नसला, की उन्हाळ्यात शेळ्या नाइलाजाने ह्या झुडपास तोंड लावतात, आणि एकदा सवय लागली की ते शोधून खातात. त्यातील स्वेन्सोनिन नावाच्या विषाने जनावर हळूहळू खंगते, मान थरथरते व चालताना तोल जातो. अशी लक्षणे दिसताच जनावर त्या जागेपासून दूर करावे व पशुवैद्यकाला दाखवावे. बेशरम तोडताना त्याचे तुकडे कालव्यात किंवा ओढ्यात टाकू नयेत. तुकडा जेथे अडकेल तेथे रुजतो.

एकजुटीचे काम

ह्या भागातील उसास संशोधनाची मोठी परंपरा आहे. सातारा जिल्ह्यातील पाडेगाव येथे १९३२ साली सुरू झालेल्या मध्यवर्ती ऊस संशोधन केंद्राने दिलेल्या जाती आज राज्यभर शेतात उभ्या आहेत. १९७५ साली स्थापन झालेली मांजरी येथील वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटही ऊस उत्पादकांना मार्गदर्शन करीत असते. उत्तम बेणे, समतोल खत व ठिबक ह्यांवर शेतकरी आज मोठा खर्च करतो. ह्या खर्चाचे फळ पदरात पडावयाचे, तर शेंड्यावर चढणाऱ्या वेलीकडे काणाडोळा करून चालणार नाही.

वेलीला बांधाची हद्द ठाऊक नसते. एकाने शेत स्वच्छ ठेवले, आणि शेजारच्याचा बांध फुलांनी भरला, तर दोघांचेही भागत नाही. पाटाच्या एका बाजूचे सर्व शेतकरी एकत्र येऊन श्रावणात एक दिवस आणि आश्विनात एक दिवस बांध, पाट व पाणंद ह्यांच्या सफाईसाठी देतील, तर तीन-चार वर्षांत ह्या वेलींचा जोर ओसरल्यावाचून राहणार नाही. शाळेतील मुलांनाही दुभंगलेल्या पानांची ही खूण दाखवावी. मुलांचे डोळे अशा गोष्टी लवकर टिपतात.

कुंपणावरची गणेशवेल खुशाल फुलू द्यावी, आणि रताळ्याचा वेल जोमाने वाढवावा. उसात मात्र आपट्याच्या पानासारखी दोन दले दिसली, की हातचे काम ठेवून ते रोप प्रथम काढावे. आज एका खुरप्याने होणारे हे काम चार महिन्यांनी चार माणसांनाही आवरणार नाही.